गोदामात निघालेली बिलं

दीपचंदभाऊंना कुलूप लावताना ज्याने पाहिलंय, त्याला त्यांचा स्वभाव वेगळा सांगायला नको. आधी कुलूप लावायचं, मग तीनदा ओढून बघायचं, चार पावलं चालायची, माघारी यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं. दूधवाला दूध घालून गेला की भाऊ भांडं उजेडात धरून बघणार. भाजीवालीने आपणहून कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकल्या, तर हिने का टाकल्या असतील याचा विचार घरी पोचेपर्यंत. पोस्टमनने हसून रामराम केला तरी यांच्या मनात पाल चुकचुकायची. माणूस वाईट नव्हता हो. मापात कधी मारलं नाही, कोणाला खोटं वजन दिलं नाही, चातुर्मासात एक वेळ जेवून राहायचे. पण विश्वास नावाची जी चीज असते, ती त्यांच्या वाट्याला येता येता वाटेतच कुठे सांडून गेली होती.

याला अपवाद एकच, तो म्हणजे छगनआबा. पारोळ्याच्या बाजारपेठेत भाऊंचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागे बोळ ओलांडला की गोदाम. त्या गोदामाची चावी छगनआबाच्या करदोड्याला बांधलेली असायची. सव्वीस वर्षं. सकाळी आबाने गोदाम उघडायचं, संध्याकाळी बंद करून चावी कमरेला लावून किल्ल्याच्या खंदकाकडच्या आपल्या घरी जायचं. भाऊ तिजोरीची चावी बायकोकडे देत नव्हते, पण गोदामाची चावी रात्रभर आबाच्या घरी असायची आणि भाऊंना गाढ झोप लागायची. बाजारात लोक या गोष्टीवर थट्टा करायचे. म्हणायचे, भाऊ स्वतःच्या सावलीलाही पावती मागतील, पण छगनला नाही.

आता ही चावी भाऊंच्या गल्ल्यावर कशी येऊन पडली, ते ऐका.

झालं असं, की भाऊंचा मुलगा रोनक पुण्याहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आला तो दुकानात यंत्रं घेऊनच आला. एक संगणक आणि बिलं छापणारे दोन प्रिंटर, विटेएवढे. एक गल्ल्यावर ठेवला, एक गोदामात आबाच्या स्टुलाजवळ. रोनकची आई कुसुमलताबाई, वय छप्पन, पण चार दिवसांत असं शिकली की मुलगाच बघत राहिला. गिऱ्हाइकाने यादी सांगितली की ती संगणकात घालायची. गल्ल्यावरच्या प्रिंटरमधून गिऱ्हाइकाचं बिल निघायचं, त्याच वेळी गोदामातल्या प्रिंटरमधून मालाची चिठ्ठी. आबा चिठ्ठी बघून माल बांधायचा आणि पुढे आणून ठेवायचा. पूर्वी हेच काम हाळी मारून व्हायचं. भाऊ गल्ल्यावरून ओरडायचे आणि आबा मागून तसाच ओरडून उत्तर द्यायचा. आबाला ते यंत्र काही फारसं रुचलं नव्हतं. कागद बोलत नाही, असं तो एकदा बोलून गेला होता. भाऊंनी ते लक्षात ठेवलं.

या दोन्ही प्रिंटरच्या तारा एका डबीला जोडलेल्या होत्या, तिला रोनक राउटर म्हणायचा आणि बाकी सगळे वायफायची डबी म्हणायचे. जाताना रोनक बजावून गेला, की या डबीला कोणाला हात लावू देऊ नका, ही बंद पडली की सगळंच बंद. भाऊंना असं काही सांगायचं म्हणजे झालंच. डबी गल्ल्याशेजारच्या फळीवर, येणारा-जाणारा कोणीही हात लावील. आषाढ लागला तसं भाऊंनी तारवाल्याला बोलावलं, छताला भोक पाडलं आणि डबी उचलून वरच्या मजल्यावर आपल्या सामायिकाच्या खोलीत नेऊन बसवली. त्या खोलीला कुलूप, आणि किल्ली भाऊंच्या बंडीच्या आतल्या खिशात. त्याच आठवड्यात गावातल्या जैन स्थानकात महासतीजी, म्हणजे साध्वी, चातुर्मासाला आल्या होत्या. भाऊंनी त्यांच्यापुढे नियम घेतला, की चार महिने रोज दुपारी बारा वाजता एक सामायिक करीन.

सामायिक म्हणजे दोन घडीची बैठक, अठ्ठेचाळीस मिनिटांची. पांढरं वस्त्र, तोंडावर मुखपट्टी, बसायला आसन, आणि तेवढा वेळ संसारातलं काही करायचं नाही, कोणत्या जिवाला दुखवायचं नाही. दिवा, पंखा, वीज यांनाही हात लावायचा नाही. भाऊ नियमाचे पक्के. खोलीत शिरले की दार आतून लावायचे, बोर्डावरचं खोलीचं मेन बटन खाली करायचे, म्हणजे पंखा नको नि उजेड नको, आणि आसनावर बसायचे. आषाढातलं आमच्याकडचं उकडणं म्हणजे काय ते विचारू नका. पण भाऊ हूं की चूं न करता बसायचे.

आणि त्याच आठवड्यापासून दुकानात प्रिंटर बिघडू लागले.

बिघाड तरी कसा, तर बारा वाजले की दोन्हींतून काही निघायचंच नाही. कुसुमलताबाई हातानेच कागदावर लिहून द्यायच्या. मग एक वाजायला आला की अडून राहिलेले कागद भडाभडा बाहेर पडायचे, आणि तेही उलटे. गिऱ्हाइकाचं बिल गोदामात निघायचं आणि मालाची चिठ्ठी गल्ल्यावर. गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळत उभं आणि आबा मालासाठी. कुसुमलताबाई रोनकने सांगितल्याप्रमाणे सगळं बंद करून चालू करायच्या. कधी सुटायचं, कधी संध्याकाळपर्यंत तसंच चालायचं. काही दिवस तर बिघाड व्हायचाच नाही. भाऊंनी फोनवर रोनकला विचारलं. त्याने पहिलाच प्रश्न केला, डबीला कोणी हात लावतं का? भाऊंनी छातीठोक सांगितलं, की डबी माझ्या कुलपात आहे, तिला मीसुद्धा बोट लावत नाही. आणि ते खरंच होतं. डबीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

मग राहिलं कोण? भाऊंच्या डोक्यात गणित सुरू झालं. मी वर गेलो की बिघडतं. म्हणजे मी कधी वर जातो यावर कोणाची तरी नजर आहे. गोदामात एकटा कोण असतो? यंत्र कोणाला आवडलं नव्हतं? कागद बोलत नाही, असं कोण म्हणालं होतं? त्यांनी या विचाराला दोन दिवस झटकून टाकलं. तिसऱ्या दिवशी आबाच त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तुम्ही वर गयात का हाई बंद पडस. खाले उतरनात का उलटं चालस."

दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, की असं का होत असेल. भाऊंनी मात्र वेगळाच अर्थ काढला. हा माझ्या वर जाण्या-उतरण्यावर पाळत ठेवतो, हा तोंडाने कबूल करतोय.

तिथून पुढे भाऊंचा दिवस म्हणजे नुसता आबावरचा पहारा. आबा पाणी प्यायला उठला, का उठला? आबाने घाम पुसला, कशाला पुसला? त्यातच अमळनेर रस्त्यावर गिरधर नावाच्या माणसाने नवीन किराणा दुकान थाटलं होतं, काचेच्या दाराचं. एके दिवशी भाऊ तिकडून स्कूटरवरून येत होते, तर गिरधरच्या दुकानाच्या पायरीवर आबा चहा पीत बसलेला. भाऊंनी स्कूटर थांबवली नाही, वळूनही बघितलं नाही, पण घरी येईपर्यंत त्यांना कुठे पाणी मुरतंय ते कळल्यासारखं झालं. बिलावर गिऱ्हाइकाचं नाव असतं, मोबाइल नंबर असतो. ती बिलं गोदामात निघतात. गोदामात छगन असतो. छगन गिरधरकडे चहा पितो.

कुसुमलताबाईंना त्यांनी जेवताना हे सांगितलं, तशी त्यांनी ताट सरकवलं. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने साखरेचा खडा तोंडात टाकला नाही, तो नंबर विकेल का, असं त्यांनी विचारलं. भाऊ जेवत राहिले. बायको छगनची बाजू का घेते, हा एक नवीन विचार त्यांच्या मनात येऊ पाहत होता. तो त्यांनी कसाबसा दाबला, एवढी तरी शरम होती.

सामायिकात बसले तरी तेच. तोंडाला मुखपट्टी, हातात माळ, आणि मन खाली गोदामात. आता तो उठला असेल. आता त्याने तार उपटली असेल. अठ्ठेचाळीस मिनिटं ते कोणत्याच जिवाला दुखवत नव्हते, एका छगनला सोडून.

शेवटी एका दुपारी आबा हातगाडीवर पोती चढवायला बोळात गेला आणि भाऊ गोदामात शिरले. खिळ्याला आबाची कापडी थैली टांगलेली होती. भाऊंनी ती काढली, आत हात घातला. डबा होता, पंचा होता आणि तळाशी रबर लावलेली एक गड्डी. बिलांची. गुळगुळीत कागदाची, एकावर एक नीट रचलेली चाळीस-पन्नास बिलं. पितांबर पाटील, नंबर अमुक. मंदाबाई शिंदे, नंबर तमुक. भाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांत हा पितांबर पाटीलही होता, भोंडणचा शेतकरी. भाऊंनी आबाला गल्ल्यापुढे बोलावलं. एक सांगायला हवं. भाऊंचं घराणं मूळ राजस्थानचं, घरात मारवाडी, पण आबाशी ते कायम अहिराणीत बोलायचे, इतकं गोड की परक्याला दोघं भाऊबंद वाटावेत. रागावले की मात्र पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी सुरू व्हायचं.

"छगन, ही माझ्या गिऱ्हाइकांची बिलं तुझ्या थैलीत काय करत आहेत?"

आबाने गड्डीकडे पाहिलं, मग भाऊंकडे. तो म्हणाला, "ज्या चुकीसन तठे निंघनात, त्या ठेवेल शेतस. मशीनवाला ई तव्हय त्याले दखाडासाठे."

चुकून तिकडे निघालेली बिलं यंत्र दुरुस्त करणाऱ्याला दाखवायला ठेवली आहेत, असं तो सांगत होता. साधी गोष्ट. पितांबर पाटलाला पटली, कुसुमलताबाईंना पटली. भाऊंना नाही पटली. ते म्हणाले, मशीनवाल्याला की गिरधरला? आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेनात. पाळत, चहा, उपटलेल्या तारा, सगळं सगळ्यांसमोर बाहेर आलं. विकलास तू मला, असंही ते म्हणून गेले.

आबा ऐकून घेत होता. तो रडला नाही की चिडला नाही. बंडी वर करून त्याने करदोड्याची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, ती लवकर सुटेना. सगळं दुकान त्या गाठीकडे बघत उभं होतं. शेवटी चावी निघाली, ती त्याने गल्ल्यावर ठेवली.

"सव्वीस वरीस व्हई गयात, भाऊ," एवढंच तो म्हणाला. गोदामातली थैलीही न घेता निघून गेला.

पारोळ्यासारख्या गावात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जाते. शेठने छगनला काढला म्हणजे छगनने काहीतरी केलं असणार, असं चार लोक म्हणणारच. आबाकडे दुसरं होतं तरी काय? शेत नाही, शिक्षण चौथी. आयुष्यभर कमावलेलं एक नाव होतं, ते भाऊंनी दहा मिनिटांत भर दुकानात पुसून टाकलं.

आधीच फोन करून बोलावलेली मशीनवाली दुसऱ्या दिवशी धुळ्याहून आली. मशीनवाली म्हणजे दिपमाला, देवपूरची, तिशीही न गाठलेली मुलगी. सकाळच्या एसटीने उतरली ती खांद्याला दप्तर अडकवून थेट दुकानात. भाऊंना वाटलं होतं कोणी पुरुष माणूस येईल. त्यांनी तिला कुठलं गाव, कोणाची मुलगी, कुठे शिकलीस, इथपर्यंत सगळं विचारून घेतलं आणि मग काम सांगितलं. दुरुस्तीपेक्षा जास्त त्यांना एकच हवं होतं. तार कोणी नि कधी उपटली त्याची खूण यंत्रात सापडते का?

"कोणी ते यंत्राला कळत नाही, काका," दिपमाला म्हणाली. "कधी, ते कळतं."

तिने गल्ल्यावरचा प्रिंटर बंद केला, कागद सरकवायचं बटन दाबून धरून परत चालू केला. प्रिंटरने एक लांब चिठ्ठी काढली, तीत त्याची स्वतःची सगळी माहिती होती. खालच्या बाजूच्या एका आकड्याभोवती तिने पेनने गोल काढला. तसंच तिने गोदामात जाऊन केलं. दोन्ही चिठ्ठ्या भिंतीला चिकटवल्या. सकाळभर सगळं बरोबर चाललं होतं. बिल इकडे, चिठ्ठी तिकडे. भाऊंना मनातून बरं वाटत होतं, कारण छगन नव्हता आणि यंत्र चालत होतं. आणखी काय पुरावा हवा?

बारा वाजत आले तशी त्यांची पंचाईत झाली. परकी मुलगी दुकानात, यंत्रं उघडून बसलेली, आणि आपण वर जायचं. पण नियम तो नियम. हिच्यावर लक्ष ठेव असं बायकोला बजावून ते वर गेले. दार लावलं, मेन बटन खाली केलं, आसनावर बसले.

पाच मिनिटंही झाली नसतील, तोच जिन्यावर पावलं वाजली. मग दारावर टकटक. "काका, आत काही बंद केलंत का?" भाऊ सामायिकात, बोलणार कसे? ते हलले नाहीत. पण मनात वादळ उठलं. ही वर का आली? ही माझ्या खोलीपाशी काय करतेय? हिला छगनने तर पाठवलं नसेल? कोण कुठली देवपूरची, हिचा नंबर आपल्याला दिला कोणी? रोनकनेच दिला होता. मग रोनकला कोणी दिला? घामाने बंडी पाठीला चिकटली होती. घडी संपता संपत नव्हती.

ती संपली तसं त्यांनी बटन वर केलं, कुलूप लावलं, चारदा ओढलं आणि तणतणत खाली आले. दिपमाला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर छगनआबाची गड्डी होती, रबर काढलेली. गल्ल्याच्या खणातून कुसुमलताबाईंनीच काढून दिली होती.

"काका, तुम्ही वर बारापासून किती वेळ असता?" तिने विचारलं.

भाऊ कडाडणार होते. तिने त्यांच्या हातात गड्डी दिली आणि प्रत्येक बिलाच्या वरच्या कोपऱ्यातली छापल्याची वेळ वाचायला सांगितली. बारा एकावन्न. बारा बावन्न. बारा एकावन्न. बारा चोपन्न. भाऊ एकेक उलटत गेले. कोणत्याही दिवसाचं पहिलं बिल घ्या, ते बारा पन्नासनंतरच गोदामात निघालेलं. मग त्यांचं लक्ष तारखांकडे गेलं. अकरा, बारा, तेरा, चौदा तारखेचं एकही बिल नव्हतं. हे चार दिवस ते जळगावला बहिणीकडे होते, तिच्या अठाईच्या, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासाच्या, पारण्याला. छगन तेव्हा रोज इथेच गोदामात होता. वरची खोली मात्र बंद होती, बटन वर होतं. ही गोष्ट दिपमालाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती एकट्या भाऊंना माहीत होती.

तिने खोलीची किल्ली मागितली. भाऊंनी खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला थोडा वेळ. मग दिली. ती वर गेली, आणि भाऊ गल्ल्याशी उभे राहून बघत राहिले. प्रिंटरच्या मागचा हिरवा दिवा विझला. तिने वर मेन बटन खाली केलं होतं. थोड्या वेळाने दिवा परत लागला. खाली येऊन तिने कुसुमलताबाईंना एक किलो तूरडाळ संगणकात घालायला सांगितली. गल्ल्यावर मालाची चिठ्ठी निघाली. आणि मागे, बोळापलीकडे, रिकाम्या गोदामात किर्र करून काहीतरी छापलं गेलं.

भाऊ आत गेले. आबाचं स्टूल रिकामं, खिळ्याला थैली तशीच. प्रिंटरच्या तोंडातून तूरडाळीचं बिल लोंबत होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

दिपमाला समजावून सांगत होती. दवाखान्यात सकाळी नंबर लावतात ना, जो आधी पोचला त्याला एक नंबर, मागून येणाऱ्याला दोन. डबी बंद होऊन चालू झाली की दोन्ही प्रिंटर तिच्या दाराशी धावतात. चिठ्ठीवर गोल केलेला आकडा म्हणजे हाच नंबर. गोदामातला आधी पोचला तर गल्ल्याचा नंबर त्याला मिळतो, आणि संगणक बिचारा नंबर बघून कागद पाठवतो. कोण आधी पोचेल याचा नेम नाही, म्हणून कधी बिघडतं, कधी नाही. तिने दोन्ही प्रिंटरना कायमचे नंबर देऊन टाकले, डबी खाली आणायला लावली. अर्ध्या तासाचं काम. जाताना गड्डीला परत रबर लावून म्हणाली, की ही बिलं ज्याने तारीखवार जपून ठेवली त्याच्यामुळे लवकर सापडलं, नाहीतर मला तीन खेपा पडल्या असत्या. ते आबा कुठे आहेत?

भाऊंनी गल्ला उघडून तिचे पैसे मोजायला घेतले. कुसुमलताबाईंनी तिला सांगितलं, की आज आले नाहीत.

त्याच दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा दुकान भरात असताना सोडून, दीपचंदभाऊ खंदकाकडच्या गल्लीत गेले. चावी मुठीत घेतलेली. दार यशोदाबाईने उघडलं, आबाच्या बायकोने. तिने पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. म्हणाली, गिरधरने दोन वेळा बोलावून घेतलं होतं यांना, चहा पाजला, आमच्याकडे या म्हणाला. हे म्हणाले, भाऊंच्या गोदामाची चावी माझ्या कमरेला आहे, मी कसा येऊ? एवढं बोलून ती आत गेली. भाऊंना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा ओट्यावर बसून दोरी वळत होता. भाऊ त्याच्यासमोर उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, "छगन, मनी चूक व्हयनी. तुना काही दोष नही." आणि चावी पुढे केली.

आबाने दोरी वळणं थांबवलं नाही. "भाऊ, तुम्ही दुकानमा सांगं, बठ्ठासना समोर," तो म्हणाला. "आते आठे, घरमा कसाले सांगतस?"

आळ घेतला तो भर दुकानात सगळ्यांसमोर, मग चूक कबूल करायला घरात कशाला, असं तो विचारत होता. ते तसेच परत गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. चूक कबूल करायला त्यांची ना नव्हती. पण भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर? ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांची लबाडी शोधण्यात घालवली, त्याने बाजारच्या दिवशी सांगायचं की लबाड मीच निघालो? त्यांनी हो-नाही करत पहाट केली. मग कुसुमलताबाईंना म्हणाले, छगनला निरोप धाड, साडेअकरा वाजता ये म्हणावं.

बाजारचा दिवस, दुकान खच्चून भरलेलं. पितांबर पाटीलही होता, त्याला भाऊंनी मुद्दाम थांबवलं होतं. आबा आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. भाऊ गल्ला सोडून पुढे आले. घामाने डबडबलेले, हात जोडलेले. बोलले ते एकदम मोठ्याने.

"बठ्ठा आयका. छगननी काहीच करं नही. बटन मीच बंद करं, अन् नाव छगननं लिधं. मिच्छामि दुक्कडम."

लोकांना काही कळलं, काही नाही. क्षमा मागायच्या दिवसाला, संवत्सरीला, अजून बराच अवकाश होता, शेठ आजच कसली क्षमा मागतायत, असं कोणीतरी पुटपुटलं. पितांबर पाटलाला मात्र सगळं समजलं. तो आबाकडे बघून हळूच मान हलवत राहिला. आबाने चपला काढल्या, आत आला, गल्ल्यावरून चावी उचलली आणि गोदाम उघडायला गेला. पाच मिनिटांत पितांबर पाटलाची चिठ्ठी गोदामात निघाली, बिल गल्ल्यावर. जिथल्या तिथे. भाऊंच्या जिवावरचं ओझं उतरलं आणि ते सामायिकाला वर गेले.

संध्याकाळी आबाने गोदाम बंद केलं, पुढे आला आणि चावी गल्ल्यावर ठेवली. भाऊंना वाटलं, विसरला. त्यांनी ती उचलून त्याच्यापुढे धरली, लई जाय रे, असं म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," आबा म्हणाला. "तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. चपला घालून तो घरी गेला.

तेव्हापासून तसंच चाललंय. आबा वेळेवर येतो, माल बांधतो, भाऊंशी अहिराणीत गप्पाही मारतो. प्रिंटर एकदाही चुकलेला नाही. पर्युषणात भाऊंनी सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना मोबाइलवरून क्षमा मागितली आणि आबाला गोदामात जाऊन तोंडी, वाकून. आबाने दोन्ही हातांनी त्यांना उठवलं, चालस भाऊ, एवढं म्हणाला. आपलं मन स्वच्छ असल्याचं त्याने डोळ्यांनीच सांगितलं. भाऊ दिवसभर खूश होते. संध्याकाळी मुद्दाम गल्ला सोडून दाराशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे, म्हणजे आबाला चावी निवांत कमरेला बांधता यावी.

वळून बघितलं तेव्हा आबा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता, आणि चावी गल्ल्यावर होती.